टीचर, मग नोहाचं पाणी गेलं कुठे?

नागपुरातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव, शाळा, चर्च सगळं काढून टाकलंय. ताई एका शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवतात आणि रविवारी आपल्या चर्चच्या संडे स्कूलमधे मोठ्या मुलांचा वर्ग घेतात. नववीतला एक मुलगा दोन्हीकडे त्यांच्याच वर्गात आहे. बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाचा, म्हणजे देवाने अख्खी पृथ्वी बुडवली आणि नोहा, त्याचं कुटुंब आणि जनावरं तेवढी तारवात (मोठ्या जहाजात) वाचली त्या गोष्टीचा धडा चालू असताना त्याने विचारलं की टीचर, एव्हरेस्ट बुडेल एवढं पाणी आलं कुठून आणि नंतर गेलं कुठे, वॉटर सायकल तर तुम्हीच शिकवली. पोरं हसली. ताईंना पटकन काही सुचलं नाही, देवाला सगळं शक्य आहे म्हणून त्या पुढे गेल्या. पुढच्या रविवारी तो योना या संदेष्ट्याला गिळून तीन दिवसांनी जिवंत बाहेर टाकणाऱ्या माशावर आला, मग लढाई चालू असताना यहोशवाने सूर्य थांबवला त्यावर. हे चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या काकांच्या कानावर गेलं. काकांचं म्हणणं असं की असले प्रश्न वर्गात वाढू देऊ नका, आणि सोबत 'नासाच्या कॉम्प्युटरला बायबलमधला हरवलेला दिवस सापडला' या व्हॉट्सअपवरच्या मेसेजची प्रिंट काढून दिली, पोरांना वाचून दाखवा म्हणे. ताई लिहितात, "तो कागद माझ्याच्याने वाचवत नाही आणि गप्पही बसवत नाही. आठवडाभर एक शिकवते आणि रविवारी दुसरं, म्हणजे मी कुठेतरी एका ठिकाणी खोटं बोलते का? मिस्टर म्हणतात संडे स्कूल सोडून दे, डोक्याला ताप कशाला. पण माझा विश्वास गेलेला नाही दादा. त्या पोराला काय सांगू?"

ताई,

पहिले त्या पोराबद्दल बोलू. तो तुम्हाला अडवायला विचारून राहिला असं मला नाही वाटत. अडवायचं असतं तर भर उपासनेत पास्टरांना विचारलं असतं, नाहीतर काहीच न विचारता मागे बसून मोबाईल बघितला असता, जे त्याच्या वयाची निम्मी पोरं करतात. त्याने तुम्हाला विचारलं कारण एकाच माणसाने दोन ठिकाणी सांगितलेल्या दोन गोष्टी जुळत नाहीत हे त्याला दिसलं, म्हणजे तुमचं सायन्स त्याला नीट कळलंय. शिवाय नागपूरचं पोट्टं आहे, इथे दीक्षाभूमी आहे, अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती इथूनच सुरू झाली, बाबा लोकांचे चमत्कार स्टेजवर करून दाखवून त्यातली हातचलाखी उघडी करायचे कार्यक्रम इथे कितीतरी झाले, शाळेतला त्याचा मित्र त्याला विचारतच असेल की तुमच्या त्या माशाचं काय बे. त्याला उत्तर मित्रासाठी पण हवंय आणि स्वतःसाठी पण. तुम्हाला लागलं ते बहुतेक पोरं हसली त्याचं, प्रश्नाचं नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्धा ताण इथेच कमी होईल.

आता तुमचा मेन प्रश्न, मी खोटं बोलते का. यात तुम्ही एक गोष्ट न तपासता धरून चाललाय, की बायबलमधली प्रत्येक गोष्ट ही पेपरातल्या बातमीसारखी आहे, जशीच्या तशी घडली असेल तरच खरी, आणि एक जरी निसटली तर अख्खं पुस्तक गेलं. काका पण हेच धरून चाललेत, म्हणून ते घाबरतात. आणि गंमत म्हणजे बायबलची टर उडवणारे यूट्यूबवाले पण नेमकं हेच धरून चालतात. पण ही अट घातली कोणी? बायबल म्हणजे 66 पुस्तकांचा संच, कॅथलिक मोजले तर 73, त्यात कायदे आहेत, गाणी आहेत, वंशावळ्या आहेत, राजांच्या बखरी आहेत, भांडणाची पत्रं आहेत, दाखले म्हणजे बोध देणाऱ्या रचलेल्या गोष्टी आहेत. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोनी माणसाचा कोणी पत्ता विचारत नाही, कारण तो दाखला आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि हे काही आजकालच्या मॉडर्न लोकांनी काढलेलं खूळ नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन नावाचा मोठा ख्रिस्ती अभ्यासक होऊन गेला, त्यानेच विचारून ठेवलंय की बायबलमधे जग निर्माण होताना सूर्य चौथ्या दिवशी झाला तर त्याआधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी काय झाली, कोणता शहाणा माणूस हे शब्दशः घेईल. तुमच्या नववीतल्या पोराचाच प्रश्न झाला ना हा. नंतर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने तर चिडून लिहिलंय, त्याचा आशय असा की बाहेरच्या माणसाला आकाशातल्या ताऱ्यांचं, प्राण्यांचं, निसर्गाचं पक्कं ज्ञान असतं, आणि आपला ख्रिस्ती माणूस त्याच्यासमोर बायबलचा हवाला देऊन त्याच विषयावर काहीच्या काही बोलतो, मग तो बाहेरचा माणूस येशू मेल्यावर पुन्हा उठला या आपल्या पुनरुत्थानाच्या गोष्टीवर तरी विश्वास कशाला ठेवेल. 1600 वर्षांपूर्वीचं आहे हे ताई, आणि काकांच्या त्या कागदाला तंतोतंत लागू पडतं.

मी स्वतः चर्चला जाणारा माणूस आहे, आणि चमत्काराच्या गोष्टी वाचताना मी आधी एकच बघतो, की हे असं खरंच झालं असतं तर मागे खुणा राहिल्या असत्या का? काही गोष्टी अशा आहेत की त्या घडल्या असत्या तर अख्ख्या पृथ्वीवर त्याचा पुरावा राहिला असता, आणि काही अशा की काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्याचा दुसऱ्या दिवशी सुद्धा काही पुरावा उरला नसता. पहिल्या प्रकारात सायन्सला बोलायचा पूर्ण हक्क आहे, दुसऱ्या प्रकारात सायन्सकडे बोलायला फारसं काही नाही. पोरांना हा फरक कळतो, आणि मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

नोहा पहिल्या प्रकारात. पाण्याचा हिशोब तर तुम्ही फळ्यावर करून दाखवू शकता. पृथ्वीचं क्षेत्रफळ 51 कोटी चौरस किलोमीटर, एव्हरेस्टची उंची 8.8 किलोमीटर, गुणाकार केला की साधारण 450 कोटी घन किलोमीटर होतात, मधे जमिनीचे उंचवटे येतात ते वजा करा तरी आकडा फार हलत नाही. आणि पृथ्वीवरचं सगळं पाणी, समुद्र, बर्फ, जमिनीखालचं, सगळं धरून 140 कोटीच्या आसपास. म्हणजे आहे त्याच्या तिपटीपेक्षा जास्त पाणी कुठून तरी नवीन यायला पाहिजे आणि वर्षभरात गायब व्हायला पाहिजे. ढगातून आलं म्हणाल तर हवेतली सगळीच्या सगळी वाफ एकदम पडली तरी जगभर सरासरी इंचभर पाणी होतं. आणि तारू 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच, म्हणजे लांबी 135 मीटरच्या आसपास, आणि आजवर नोंद झालेल्या प्राण्यांच्या जाती 10 लाखांच्या वर. पोराचा हिशोब बरोबर आहे. तो बरोबर आहे असं त्याला सांगा.

खुणांसाठी तर नागपूरच्या बाहेर जायची पण गरज नाही. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मधे स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपुरात आले, शाळा चालवली, उपदेश केला, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन आपल्या भागातले दगड फोडत फिरले. त्यांच्या नावाचं हिस्लोपाइट म्हणून खनिज सुद्धा आहे. टाकळीकडे त्यांना लाव्हाच्या दोन थरांच्या मधे अडकलेला गाळ मिळाला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, झाडाझुडपांचे अवशेष. सेमिनरी हिल्सचा काळा दगड आपण रोज बघतो तो याच लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आता बघा, खाली लाव्हा, मधे गोगलगायीवाला गाळ, वर परत लाव्हा. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पाणी साचून तळं झालं, तळ्यात गोगलगायींच्या पिढ्यान् पिढ्या जगल्या आणि मेल्या, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा आला. एका वर्षाच्या खवळलेल्या प्रलयात हे असं शांतपणे थर लावणं बसत नाही. आणि हे खोदून काढणारा माणूस कोणी नास्तिक नव्हता, आयुष्य मिशनला दिलेला पाद्री होता. टाकळघाटची दगडी वर्तुळं बघायला गेले असताना 1863 मधे पुराच्या पाण्यात बुडून ते वारले. वर्गाला एकदा सेमिनरी हिल्सवर घेऊन जा खरंच, तिथे बसून हिस्लॉपची गोष्ट सांगा. एकाच माणसाच्या एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात हातोडी असू शकते हे त्या पोराला बघायला मिळणं, हे माझ्या दहा पॅरेग्राफपेक्षा कामाचं आहे.

मग नोहाची गोष्ट टाकून द्यायची का, तर नाही, खरी मजा तर इथूनच सुरू होते. टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या सपाट खोऱ्यात प्रलयाच्या गोष्टी बायबलच्या आधीपासून होत्या. 1872 मधे ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथने मातीच्या पाटीवरची अशी एक गोष्ट वाचून दाखवली तेव्हा लंडनमधे खळबळ झाली, त्यात पण होडी आहे, जनावरं आहेत, पाणी ओसरलं का बघायला सोडलेले पक्षी आहेत. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनू आणि माशाची गोष्ट आहेच. सपाट जागी नदी फुगली की माणसाचं जग बुडतंच. 2023 च्या सप्टेंबरमधे रात्रीतून 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, तेव्हा ज्यांच्या घरात पहाटे पाणी शिरलं त्यांना विचारा किती मोठं जग बुडालं ते. पण पोरांना दाखवायची गोष्ट पुढे आहे. त्या जुन्या मेसोपोटेमियाच्या एका कथेत देव प्रलय का आणतात, तर माणसं गोंगाट करतात आणि देवांची झोपमोड होते म्हणून. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात कारण काय दिलंय, तर पृथ्वी जुलमाने भरली होती म्हणून. पूर तोच, होडी तीच, पक्षी तेच, कारण मात्र बदललं. लिहिणाऱ्याला जे सांगायचं होतं ते या बदलात आहे, पाण्याच्या लिटरमधे नाही. आणि हो, सहाव्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची एक जोडी घे म्हटलंय आणि सातव्यात शुद्ध जनावरांच्या सात सात, हे तो पोट्टा शोधून काढणारच, तेव्हा तुम्हीच आधी दाखवून टाका. अभ्यासक म्हणतात की दोन जुन्या कथा इथे एकत्र विणल्यात.

आता काकांचा कागद. यहोशवाने सूर्य थांबवला तो दिवस नासाच्या हिशोबात निघाला असं सांगणारा हा मेसेज व्हॉट्सअपच्या कितीतरी आधीपासून फिरतोय, 1970 च्या सुमाराला अमेरिकेत पसरला, आणि नासाने स्वतः सांगितलंय की असं काही झालेलं नाही. पण नासा काय म्हणते ते बाजूला ठेवा, तुम्ही सायन्सवाल्या आहात, तुम्हीच बघा. कॉम्प्युटर ग्रहांची मागची जागा आजच्या जागेवरून उलटं मोजत जाऊन काढतो, त्यात 'हरवलेला दिवस' सापडायला तुमच्याकडे त्या दिवसाच्या आधीची कोणीतरी लिहून ठेवलेली पक्की वेळ पाहिजे, ती नसेल तर हरवलं काय आणि सापडलं काय. आणि नागपूर पृथ्वीबरोबर तासाला साडेपंधराशे किलोमीटरच्या वेगाने फिरून राहिलं, ते एकदम थांबलं असतं तर खुणा अशा राहिल्या असत्या की कॉम्प्युटरची गरजच पडली नसती. यहोशवाचा दहावा अध्याय नीट वाचला तर तिथेच लिहिलंय की हे याशाराच्या ग्रंथात आहे, म्हणजे एका जुन्या गाण्यातला तुकडा लढाईच्या वर्णनात घातलाय, आणि गाण्यात सूर्य थांबतो, आपल्या पोवाड्यात पण कायकाय होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओच्या विरुद्ध हाच अध्याय पुढे केला गेला होता, 1633 मधे त्याला शिक्षा झाली, आणि 1992 मधे पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चची चूक झाली असं मान्य केलं. साडेतीनशे वर्षं गेली त्यात. तो कागद वाचू नका. हे माझं स्पष्ट मत आहे, यात तुम्हाला दोन्ही बाजू सांगत बसत नाही.

कारण तो कागद खोटा आहे एवढंच नाही, त्याच्या मागे जी सवय आहे ती वाईट आहे, की चमत्काराला सायन्सचा शिक्का मिळाला की विश्वास पक्का होतो. बरेच चांगले, शिकलेले लोक पण हे करतात. 2010 मधे अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका उथळ पाण्यावर ताशी 100 किलोमीटरचा पूर्वेचा वारा रात्रभर, 12 तास वाहिला तर पाणी मागे हटून चारेक तास चिखलाची वाट मोकळी होऊ शकते, आणि बायबलमधल्या निर्गमाच्या 14 व्या अध्यायात, जिथे मोशे इस्राएली लोकांना दुभंगलेल्या समुद्रातून पार नेतो, तिथे रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा असंच लिहिलंय. इंटरेस्टिंग आहे, वर्गात सांगा जरूर. पण याने सिद्ध काय होतं, तर वाऱ्याने पाणी हटू शकतं. मोशे तिथे होता हे सिद्ध होत नाही, आणि वाऱ्यानेच झालं असेल तर मग चमत्कार कुठला, असा पुढचा प्रश्न तुमचा तो विद्यार्थी लगेच विचारेल. 2006 मधे एकाने तर येशू पाण्यावर चालला त्याचं कारण गालील समुद्रावर बर्फाची लादी तरंगत असेल असं मांडलं. आता त्या गोष्टीत लाटांनी नाव हेलकावे खाऊन राहिली आणि येशूचा शिष्य पेत्र बुडून राहिला, म्हणजे लादी बरोबर येशूच्या पायाखालीच होती की काय बाप्पा! असल्या स्पष्टीकरणांनी चमत्कार पण राहत नाही आणि सायन्स पण होत नाही. यहोशवाच्या लोकांनी शिंगं फुंकल्यावर कोसळल्या म्हणतात त्या यरीहो शहराच्या भिंतींचं पण तसंच, काही लोक तिथे पडक्या भिंती सापडल्या म्हणून सांगतात, पण 1950 च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा त्यांचा निष्कर्ष निघाला की शहराचा तो नाश यहोशवाच्या मानलेल्या काळाच्या बराच आधीचा आहे. इतकंच सांगून पुढे जा, त्यात अडकू नका.

योना मात्र वेळ देऊन घ्या, माझं हे आवडतं पुस्तक आहे. चारच अध्याय आहेत, आणि मासा येतो फक्त तीन वचनांत. आपण संडे स्कूलमधे वर्षानुवर्षं माशाचं चित्र रंगवायला देऊन देऊन पोरांना असं करून टाकलंय की त्यांना मासा सोडून काही आठवतच नाही, मग तेच पोरं मोठी झाली की माशाच्या पोटात ऑक्सिजन होता का विचारतात, आणि बरोबर विचारतात, नव्हता. 1891 मधे एक खलाशी देवमाशाच्या पोटातून जिवंत निघाला म्हणून एक किस्सा सांगतात, तो पण ऐकवू नका, त्या जहाजाच्या कॅप्टनच्या बायकोनेच नंतर लिहून कळवलं होतं की आमच्या जहाजावरून असा कोणी माणूस पडलाच नाही. गोष्ट आहे निनवेची. निनवे म्हणजे अश्शूरी लोकांची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ तिचे अवशेष आहेत, आणि याच अश्शूरांनी इस्राएलचं उत्तरेचं राज्य संपवलं. त्या दुश्मनांना जाऊन इशारा दे असं देव सांगतो आणि हा संदेष्टा उलट्या दिशेचं जहाज पकडतो. पुढे तर लिहिणाऱ्याने कमालच केलीय, शहर ओलांडायला तीन दिवस लागतात (खोदकामात तटबंदीचा घेर 12 किलोमीटर निघालाय), राजाच्या हुकुमाने गायीबैलांना पण पश्चात्तापाचं गोणपाट नेसवतात, आणि सगळे वाचले म्हणून योना रुसून बसतो. हे हसत हसत चिमटा काढणारं लिखाण आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ही गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते, भिंतीला चाकं कोणती होती असं तिथे कोणी विचारत नाही, वाघावर बसून आलेल्या चांगदेवाचा ताठा उतरला एवढं सगळ्यांना बरोबर कळतं. योना तसा वाचायला शिकवा. दुश्मनाला माफी मिळाली तर तुला राग येईल का, असं नववीतल्या पोरांना विचारून बघा, माशापेक्षा जास्त आवाज होईल वर्गात.

काका इथे म्हणतील की येशूनेच मत्तयच्या 12 व्या अध्यायात योना आणि माशाचं नाव घेतलं, मग ती गोष्ट घडलीच असणार. घेतलंय, बरोबर आहे. पण सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा हवाला देऊन आपलं म्हणणं सांगणं, आणि ती गोष्ट प्राणिशास्त्र म्हणून पटवून देणं, यात फरक आहे. ज्यांना ती शब्दशः मानायची ते मानोत, त्यांच्याशी भांडू नका. फक्त पोरांवर ती विश्वासाची परीक्षा म्हणून लादू नका.

राहिले खुणा न ठेवणारे चमत्कार, पाण्याचा द्राक्षारस, आंधळ्याला दिसणं, आणि या सगळ्यांच्या वर पुनरुत्थान. इथे तुमचा सायन्सचा वर्ग आणि रविवारचा वर्ग खरं म्हणजे समोरासमोर येतच नाहीत. सायन्स सांगतं नेहमी काय होतं, मेलेला माणूस उठत नाही, आणि हे पहिल्या शतकातल्या लोकांनाही चांगलं माहीत होतं, ते काही आपल्यापेक्षा भोळे नव्हते, येशूचा शिष्य थोमाने तर हात लावून बघितल्याशिवाय मानणार नाही असं तोंडावर सांगितलं. चमत्कार मानणारा म्हणतो की एकदा वेगळं झालं. ते आता प्रयोगशाळेत परत करून बघता येत नाही, म्हणून प्रश्न येतो तो साक्षीचा, कोणी सांगितलं, किती लवकर, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याचं करिंथकरांना पहिलं पत्र येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांतलं, त्याच्या 15 व्या अध्यायात तो कोणाकोणाला येशू दिसला याची यादी देतो आणि हे घडलं नसेल तर आपला विश्वास फुकट आहे असंही स्वतःच म्हणतो. इतिहास एवढं सांगू शकतो की त्या लोकांची मनापासून खात्री झाली होती. त्यापुढे विश्वास सुरू होतो, आणि तिथे पोराला सरळ सांगायचं की मी मानते, का मानते ते हे, तुला विचार करायला वेळ आहे. सायन्सने सिद्ध झालंय असं म्हणायचं नाही आणि सायन्सला कळत नाही असंही नाही. तुम्ही लिहिलंय की तुमचा विश्वास गेलेला नाही, मग तो कशावर उभा आहे हे एकदा स्वतःशी शांतपणे बघा, मला नाही वाटत की तो कधी माशावर किंवा तारवाच्या लांबीवर उभा होता.

आजारातून बरं होण्याच्या साक्षींबद्दल मात्र एक कडक सूचना, ही तुमच्यासाठी आणि असं पत्र लिहायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी. प्रार्थना करा, डोक्यावर हात ठेवा, पण मिरगीची गोळी, शुगरचं इन्शुलिन, टीबीचा कोर्स थांबवा असं कोणत्याही साक्षीच्या जोरावर पोरांच्या कानावर जाता कामा नये. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे काढणं त्यात गुन्हा आहे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं पण. आणि चर्च स्वतः किती सावध असतं बघा, फ्रान्समधल्या लूर्ड या कॅथलिक तीर्थस्थानी 1858 पासून हजारो लोकांनी बरे झाल्याचं कळवलं, तिथे डॉक्टरांची तपासणी असते, आणि चमत्कार म्हणून मान्य झालेत फक्त 70 च्या आसपास. शंका घेणं हे अविश्वासाचं काम असतं तर कॅथलिक चर्चने ते डॉक्टर कशाला बसवले असते.

सोडायचं का, तर मिस्टरांचं म्हणणं मला समजतं, रविवारची एक सुट्टी, त्यात हे. पण तुम्ही सोडलं तर त्या खुर्चीवर तो कागद आनंदाने वाचणारा कोणीतरी बसेल आणि पोट्टा दहावी झाल्यावर चर्चकडे फिरकणार नाही. तरी उद्या कमिटीने तुम्हाला खोटं आहे हे माहीत असताना वाचायचीच सक्ती केली, तर मात्र सोडा, त्यात काही कमीपणा नाही.

काकांना कमिटीच्या मीटिंगमधे गाठू नका, घरी जा, एकट्याच जा. त्यांची भीती खरी आहे, पोरं इंजिनिअरिंगला पुण्याला जातात आणि परत आली की चर्चला येत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना एवढंच सांगा की हा कागद वाचला तर वर्गातल्या कोणाच्याही मोबाईलवर दोन मिनिटांत तो खोटा निघेल, आणि मग पोरं विचार करतील की हे खोटं सांगितलं तर बाकीचं काय. ऑगस्टिनचं म्हणणं त्यांना सांगा, ते तुमचं माझं ऐकणार नाहीत, संताचं ऐकतील कदाचित. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात सगळ्या गोष्टींची पारख करा असं लिहिलंच आहे, ते त्यांना पाठ असेल.

वर्गात पुढच्या रविवारी सुरुवात त्या पोराच्याच प्रश्नाने करा, तू विचारलं होतंस ना, चल फळ्यावर ये, हिशोब तूच कर. हिशोब झाला की सगळ्यांनी मिळून सहावा अध्याय वाचा आणि मग ती झोपमोडीची गोष्ट सांगा. लहान मुलांच्या वर्गाला यातलं काही लागत नाही, पाच-सहा वर्षांच्या पोराला तारू आणि इंद्रधनुष्य पुरे आहे, फक्त 'हे सायन्सने पण सिद्ध झालंय' हे शेपूट तिथे कोणी लावू नये, ते शेपूटच पुढे नववीत त्रास देतं. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो वहीत लिहून ठेवायचा आणि मला माहीत नाही, बघून सांगते म्हणायचं, शाळेत तुम्ही हे बिनधास्त म्हणता, रविवारी म्हणायला काहून लाजता? आणि त्याच्या आईला भेटून सांगा की पोरगा छान विचारतो, कारण काकांकडून तिच्यापर्यंत ही गोष्ट तक्रार म्हणून आधीच पोचली असेल तर घरी त्याला बोलणी बसत असतील.

काकांकडे जाऊन आलात की कसं झालं ते कळवा, आणि ते मत्तयचा 12 वा अध्याय काढतात की नाही ते पण.